दार-ए-सलाम: घरं आधी, रस्ते मागाहून

शहर वाढलं की बातम्यांत उड्डाणपूल येतात, मेट्रो येते, टॉवर येतात. पण शहरातल्या माणसाचा रोजचा वेळ, पैसा आणि श्रम कुठे जातात, हे बऱ्याचदा एका साध्या गोष्टीवर ठरतं: आपली गल्ली पुढच्या गल्लीला जाऊन मिळते की मध्येच संपते. नगररचनेत याला रस्त्यांची जोडणी म्हणतात. हा विषय समजून घ्यायला टांझानियातलं दार-ए-सलाम मला सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण तिथे एकाच शहरात सगळे प्रकार शेजारीशेजारी बघायला मिळतात. शंभर वर्षांपूर्वी आखलेले काटकोनी रस्ते आहेत, पन्नास वर्षांपूर्वी घरांच्या आधी आखून ठेवलेल्या वसाहती आहेत, आणि कुणीच न आखलेल्या, मैलोन्‌मैल पसरलेल्या वस्त्याही आहेत.

आधी शहराचा आवाका बघू. हिंदी महासागराच्या काठावरच्या या बंदरात 1967 च्या जनगणनेच्या वेळी पावणेतीन लाखांच्या जवळपास माणसं होती. 2002 मध्ये ती 25 लाखांच्या आसपास गेली, 2012 मध्ये 43 लाख 64 हजार झाली आणि 2022 मध्ये 53 लाख 83 हजार. म्हणजे 55 वर्षांत जवळजवळ 20 पट. मधल्या काळात, 1973 मध्ये, राजधानी दोदोमाला हलवायचं ठरलं, तरी लोंढा थांबला नाही. बंदर इथे, बाजार इथे, काम इथे, मग माणूस जाणार कुठे? शिवाय हे आकडे प्रशासकीय हद्दीच्या आतले. हद्दीबाहेर किबाहा, म्कुरांगा आणि बागामोयोच्या बाजूलाही घरं उठतच आहेत.

आणि ही घरं बहुतेक बैठी आहेत. शहर वर चढण्यापेक्षा आडवं पसरतं. बंदरापासून चार मोठे रस्ते बाहेर पडतात: उत्तरेला बागामोयो रोड, पश्चिमेला मोरोगोरो रोड, विमानतळाच्या बाजूला न्येरेरे रोड आणि दक्षिणेला किलवा रोड. वस्ती आधी या चार रस्त्यांच्या कडेने लांबत गेली आणि मग मधल्या जागा भरत गेल्या. या चौघांना एकमेकांशी जोडणारे आडवे मोठे रस्ते मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बंदराकडून उबुंगोला येणारा मंडेला रोड आणि तिथून पुढे म्वेंगेला जाणारा साम नुजोमा रोड हे त्यातले मुख्य. त्यामुळे म्बागालाहून तेगेताला जायचं असो की विमानतळाकडून किमाराला, सगळ्यांची गर्दी त्याच दोन-तीन चौकांत होते. उबुंगोला 2021 मध्ये मोठा उड्डाणपूल झाला, ताझाराच्या चौकात त्याआधी 2018 मध्ये झाला. तिथली कोंडी त्यांनी थोडी हलकी केली, पण ती मुळात का होते याचं उत्तर त्या चौकात नाही. ते पाच-सात किलोमीटर आत, गल्ल्यांमध्ये आहे.

शेताची घरं होतात कशी

किमाराच्या पुढे, गोबाला किंवा चानिकाच्या बाजूला एखाद्या कुटुंबाची शाम्बा असते. शाम्बा म्हणजे शेत: थोडा मका, कसावा, काजूची झाडं, नारळ. टांझानियात सगळी जमीन कायद्याने सार्वजनिक आहे आणि राष्ट्राध्यक्ष तिचे विश्वस्त. लोक विकतात आणि घेतात तो वहिवाटीचा हक्क. व्यवहार साधा असतो. कागदावर करार, दोन्हीकडचे साक्षीदार, आणि म्ताआच्या, म्हणजे शहरातल्या सगळ्यात खालच्या प्रशासकीय विभागाच्या, अध्यक्षाची सही-शिक्का. सरकारी मोजणी नाही, मंजूर नकाशा नाही. आपल्याकडे गुंठेवारीचे प्लॉट पाहिलेल्या कुणालाही हा प्रकार नवा वाटणार नाही.

समजा ही शाम्बा रस्त्याला लागून 50 मीटर रुंद आणि आत 200 मीटर खोल आहे. म्हणजे एक हेक्टर. मालक एकदम सगळी विकत नाही. घरात आजारपण आलं, मुलीची फी भरायची आली, तसतसे तो तुकडे तोडून देतो. पहिला तुकडा रस्त्याकडचा जातो, कारण त्याला भाव जास्त. मग मागचे. मागच्यांना यायला-जायला तो डाव्या बांधाला धरून दोन मीटरची वाट सोडतो. एवढ्याने माणसाचं आणि सायकलचं भागतं. शेजारच्या शाम्बाचा मालकही तेच करतो, पण त्याची वाट त्याच्या उजव्या बांधाला. दोन्ही वाटा मागे जाऊन तिसऱ्याच्या कुंपणाला धडकतात आणि तिथेच संपतात.

यात कुणाचीच लबाडी नसते. विकणाऱ्याच्या दृष्टीने वाटेत गेलेली जागा म्हणजे बुडालेले पैसे. घेणाऱ्याला आपल्या दारापर्यंत पोहोचता आलं की झालं. पलीकडच्या वाटेला आपली वाट मिळावी याची गरज त्या दिवशी, त्या करारात, कुणालाच नसते. ती गरज वीस वर्षांनी लागते, आणि ती सगळ्या वस्तीला मिळून लागते. त्या वेळी करार करणारे दोघेही कदाचित तिथे नसतात.

अशा वीस-पंचवीस शाम्बा ओळीने विकल्या गेल्या की वस्तीचा नकाशा कंगव्यासारखा होतो: एक मुख्य रस्ता, त्याला लागून आत गेलेले दात, आणि दातांना एकमेकांशी जोडणारं काहीच नाही.

नऊ चौकांचा हिशोब

कागदावर नऊ ठिपके काढा, तीन ओळी आणि तीन रकाने. हे नऊ चौक. शेजारचे सगळे ठिपके रेघांनी जोडले तर बारा रेघा होतात. प्रत्येक रेघ 100 मीटरचा रस्ता धरू. आता वरच्या दोन ओळींतल्या आडव्या रेघा पुसून टाका. उरल्या आठ: तीन उभ्या गल्ल्या आणि त्यांना खालून जोडणारा एक रस्ता. हा झाला आपला कंगवा.

चारच रेघा गेल्या. पण वरच्या डाव्या ठिपक्यावरून वरच्या मधल्या ठिपक्यावर जायला पहिल्या नकाशात 100 मीटर लागत होते, आता 500 लागतात. खाली दोन, आडवं एक, वर दोन. डावीकडच्या वरच्या टोकापासून उजवीकडच्या वरच्या टोकापर्यंत 200 मीटरच्या जागी 600. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये पहिल्या नकाशात सारख्याच अंतराच्या सहा वेगवेगळ्या वाटा होत्या, आता एकच उरली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या नकाशातला कोणताही एक रस्ता बंद पडला तरी नऊच्या नऊ चौक एकमेकांना जोडलेले राहतात. कंगव्यात कुठलाही एक तुकडा बंद पडला की कुणी ना कुणी तुटतंच.

जोडणी मोजायच्या पद्धती याच तर्कावर उभ्या आहेत. एक पद्धत रस्त्याचे तुकडे भागिले चौक अशी. आपल्या पहिल्या नकाशात बारा भागिले नऊ, म्हणजे 1.33, कंगव्यात आठ भागिले नऊ, म्हणजे 0.89. दुसरी पद्धत म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये किती चौक आहेत ते मोजायचं. तिसरी म्हणजे सरळ अंतराच्या किती पट चालावं लागतं ते बघायचं. चौथी, एकूण टोकांपैकी बंद टोकं किती. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेची शिफारस आहे की चांगल्या वस्तीत दर चौरस किलोमीटरला साधारण 18 किलोमीटर रस्ते आणि 80 ते 120 चौक असावेत, आणि सुमारे 30 टक्के जमीन रस्त्यांना जावी. 100 मीटरवर एक चौक धरला तर चौरस किलोमीटरमध्ये 100 चौक आणि 20 किलोमीटर रस्ते होतात, म्हणजे आकडे हवेतले नाहीत. आपल्या त्या एक हेक्टरच्या शाम्बात एका कडेला दोन मीटरची वाट सोडली तर रस्त्याला जाते फक्त 4 टक्के जमीन.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी खुल्या नकाशांवरून जगभरच्या रस्त्यांची अशी मोजणी केली. 1975 नंतर नव्याने होणारे रस्ते जगभरात एकूण कमी जोडलेले होत गेले, असं त्यांना दिसलं. त्यांच्या अभ्यासातला मला सगळ्यात काळजीचा वाटणारा मुद्दा वेगळाच आहे: रस्त्यांचा आराखडा एकदा पडला की तो जवळजवळ कायमचा. इमारती पडतात, नव्या होतात, मालक बदलतात, सरकारं बदलतात, गल्ली तिथेच राहते.

याची खूण दार-ए-सलाममध्येच आहे. जर्मनांनी 1891 मध्ये या गावाला आपल्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीची राजधानी केलं. त्यांच्या आणि नंतर ब्रिटिशांच्या काळात शहर वंशावरून वाटलं गेलं: गोऱ्यांची उझुंगुनी, भारतीय व्यापाऱ्यांची उहिंदिनी आणि आफ्रिकन लोकांची उस्वाहिलीनी. भारतीय वस्ती आणि आफ्रिकन वस्ती यांच्या मध्ये मुद्दाम मोकळी पट्टी राखली, ती आज म्नाझी म्मोजा नावाचं मैदान आहे. हेतू माणसं दूर ठेवण्याचा होता, तो अन्यायच होता. पण त्या पट्टीपलीकडच्या करियाकू भागात सरळ, एकमेकांना छेदणारे रस्ते आखले गेले. तिथे आधी मधोमध बोळ आणि दोन्हीकडे खोल्या अशी बैठी स्वाहिली घरं होती. आज त्याच रस्त्यांवर आठ-दहा मजली इमारती आणि देशातला सगळ्यात गजबजलेला घाऊक बाजार आहे. इमारती कशा बांधल्या हा वेगळा प्रश्न, आणि तो गंभीर आहे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तिथली एक इमारत कोसळून अनेकांचे जीव गेले. पण रस्त्यांनी मात्र शंभर वर्षांत झालेला सगळा बदल पोटात घेतला.

तुटलेल्या गल्लीची किंमत कोण मोजतं

2016 च्या मे महिन्यात मोरोगोरो रोडवर जलद बससेवा सुरू झाली. मधोमध स्वतंत्र मार्गिका, मोठ्या बस, किमारापासून शहरापर्यंतचा रस्ता आणि त्याचे फाटे धरून 21 किलोमीटरच्या आसपासचा पहिला टप्पा. आफ्रिकेतल्या उत्तम प्रकल्पांत त्याची गणना झाली आणि ती योग्यच होती. पण किमाराच्या टेकड्यांवर आत तीन किलोमीटरवर राहणाऱ्या बाईला आधी त्या बसपर्यंत पोहोचायचं असतं. मिनीबस, म्हणजे तिथली दालादाला, आत येत नाही. एक तर रस्ता अरुंद, आणि दुसरं म्हणजे गेली तर परत फिरायला जागा नाही; बसला फेरी मारता येईल असा रस्ता लागतो, बंद टोक असून चालत नाही. मग उरतात बोडाबोडा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, आणि बजाजी. पुण्याच्या बजाजची तीनचाकी तिथे इतकी पसरली आहे की रिक्षाला नावच बजाजी पडलं. या दोन वाहनांनी शहराचा आतला भाग चालता ठेवला आहे. पण त्या तीन किलोमीटरचं भाडं बसच्या तिकिटाच्या वर पडतं, तेही रोज, दोन वेळा. ज्यांना परवडत नाही ते चालतात.

आता पाणी घ्या. पाइपलाइन रस्त्याखालून जाते. रस्ता नाही तिथे ती कुणाच्या तरी अंगणातून न्यावी लागते, आणि मग अंगणाचा मालक काय म्हणतो त्यावर सगळं अडतं. नळ नसेल तिथे हातगाडीवरून 20 लिटरचे कॅन येतात, आणि गाडी जिथे थांबते तिथून पुढे डोक्यावर. शहरातल्या बहुतेक घरांना ड्रेनेज नाही, शोषखड्ड्याचे संडास आहेत. खड्डा भरला की उपसायला टँकर लागतो आणि त्याची नळी ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचते. टँकर जात नाही तिथे माणसाला खड्ड्यात उतरावं लागतं किंवा पावसाची वाट बघून घाण वाहत्या पाण्यात सोडली जाते. कचऱ्याची गाडी, रुग्णवाहिका, आगीचा बंब या सगळ्यांची गोष्ट हीच. अडीच मीटर रुंदीचं वाहन दोन मीटरच्या बोळात शिरत नाही.

पावसात तर सगळं उघडं पडतं. शहरातून म्सिम्बाझी नदी वाहते. तिचं खोरं शहराच्या मध्यभागाला पश्चिम आणि उत्तरेच्या वस्त्यांपासून तोडतं. ती ओलांडायला मोजक्या जागा आहेत: समुद्राकडचा सेलँडर पूल, त्याला जोड म्हणून 2022 मध्ये सुरू झालेला टांझानाइट पूल, मोरोगोरो रोडवरचं जांगवानी, किगोगोजवळचा कावावा रोड, आणि पुढे मंडेला रोड. जांगवानीला पाणी चढलं की मोरोगोरो रोड बंद होतो आणि मागोमेनीहून करियाकूला जायचं, एरवी जेमतेम दोन-तीन किलोमीटरचं अंतर, तासाचं होऊन बसतं. जलद बसचा डेपोही याच सखल जागेत बांधला होता आणि तो वारंवार पाण्याखाली गेला. 2011 च्या डिसेंबरमधल्या पुरात 40 हून जास्त माणसं गेली. खोऱ्यातल्या काही कुटुंबांना सरकारने माब्वेपांडेला जागा दिली, पण ते कामाच्या ठिकाणापासून पंचवीस-तीस किलोमीटर लांब. बरेच जण परत आले यात नवल नाही.

पुराचा आणि गल्लीचा संबंध फक्त वाहतुकीचा नाही. पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं रस्त्याच्या कडेने जातात. रस्ताच नसेल तर गटाराला जागा नसते, आणि उताराचं पाणी घराघरांच्या भिंतींमधून वाट काढतं.

पायाने मोजा, मग कळेल

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नकाशावर दिसत नाही म्हणजे वाट नाही, असं नसतं. तांदाले किंवा मान्झेसेसारख्या जुन्या, दाट वस्त्यांत घरांच्या मधून पायवाटांचं इतकं दाट जाळं आहे की पायी जाणारा माणूस फारसा वळसा न घालता कुठूनही कुठेही निघतो. कुणाच्या परसातून, कुणाच्या चुलीजवळून, पण निघतो. मोटारीच्या हिशोबाने तीच वस्ती जवळजवळ बंद आहे. म्हणजे जोडणी किती, हे मोजणारा कुणासाठी मोजतो त्यावर ठरतं. दार-ए-सलाममधली बहुसंख्य माणसं पायी किंवा दालादालाने फिरतात, तेव्हा पायांच्या हिशोबाला जास्त वजन द्यायला हवं असं माझं ठाम मत आहे.

त्या पायवाटा कागदावर आल्या त्या लोकांमुळे. तांदालेचा नकाशा 2011 मध्ये रहिवाशांना सोबत घेऊन झाला. 2015 मध्ये रमानी हुरिया नावाचा मोठा उपक्रम सुरू झाला. आर्धी विद्यापीठाचे आणि दार-ए-सलाम विद्यापीठाचे विद्यार्थी आणि वस्तीतली माणसं हातात जीपीएस घेऊन गल्लोगल्ली फिरली आणि बोळ, गटारं, पाण्याचे नळ, पूर कुठवर चढतो याच्या खुणा हे सगळं ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑनलाइन नकाशावर चढवलं. पुराच्या पातळीसाठी त्यांनी घरातल्या लोकांनाच विचारलं: पाणी कुठवर आलं होतं? कुणी घोट्याला हात लावला, कुणी गुडघ्याला, कुणी छातीला. हीच मापं नकाशात गेली.

फक्त, पायवाटांची जोडणी टिकाऊ नसते. ती शेजाऱ्याच्या मर्जीवर चालते. वस्तीत पैसा आला, कुणी भिंत घातली, लोखंडी गेट बसवलं, की वर्षानुवर्षांची वाट एका दिवसात बंद.

सिन्झा आणि मान्झेसे

आता या शहराने स्वतःवरच केलेला एक प्रयोग. 1970 च्या दशकात टांझानिया सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून दोन प्रकारची कामं हाती घेतली. पहिला प्रकार मोकळ्या जमिनीवरचा. सिन्झा, किजितोन्यामा, मिकोचेनी आणि पुढे ताबाता इथे घरं बांधली नाहीत, फक्त प्लॉट आखले, कच्चे-पक्के रस्ते आणि गटारं काढली, पाण्याची सोय केली. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने, आपल्या वेगाने बांधायचं. दुसरा प्रकार आधीच भरलेल्या वस्त्यांचा. मान्झेसे, तांदिका, म्तोनी इथे असलेल्या घरांमधूनच रस्ते रुंद करायचे, गटारं आणि पाणी द्यायचं.

चाळीसेक वर्षांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाची चित्रं आणि जनगणना-सर्वेक्षणं लावून या सगळ्या जागा तपासल्या. अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळ्या जमिनीवर आधी आखलेल्या वसाहतींत घरं मोठी, सरळ ओळीत, चांगल्या बांधणीची आणि रस्त्याला लागून निघाली. नंतर सुधारलेल्या वस्त्या मात्र कधीच न आखलेल्या वस्त्यांपेक्षा फारशा वेगळ्या राहिल्या नव्हत्या. पैसा दोन्हीकडे गेला होता. फरक होता तो वेळेचा, घरांच्या आधी की नंतर.

आज सिन्झात गेलं तर दुकानं, खाणावळी, छोटी हॉटेलं, शाळा, बांधकामं, सगळं रस्त्याला लागून आहे. बैठ्या घरांचे दोन-तीन मजले झाले तरी गल्ली तेवढीच रुंद, तेवढीच सरळ. दालादाला आतपर्यंत जाते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. या वसाहती गरिबांसाठी होत्या आणि हळूहळू तिथे शिकलेली, बऱ्या कमाईची माणसं राहायला आली. पहिल्या लोकांपैकी अनेकांनी विकून पुढची वाट धरली. म्हणजे चांगल्या वस्तीचा काही भाग चांगल्या आखणीमुळे आणि काही भाग पैसेवाल्या रहिवाशांमुळे. यावर मला एकच उत्तर दिसतं: आखलेले प्लॉट इतके कमी होते की त्यांना सोन्याचा भाव आला. ते शहराच्या गरजेइतके असते तर सगळे प्लॉट वरच्या वर्गाने उचलायचं कारणच उरलं नसतं. आणि भरलेल्या वस्त्या सुधारायचं सोडून द्यावं, असा तर याचा अर्थ मुळीच नाही. म्सिम्बाझीच्या कडेला हाना नासिफ नावाच्या वस्तीत 1990 च्या दशकात रहिवाशांनी स्वतः श्रम देऊन गटारं आणि खडीचे रस्ते केले, आणि पाणी तुंबणं कमी झालं. तिथे राहणाऱ्याला पन्नास वर्षांच्या निष्कर्षाशी कर्तव्य नाही. यंदाच्या पावसात घर कोरडं राहिलं पाहिजे.

ग्रिड काढलं, पण कुठे?

सिन्झाचा धडा सरकार विसरलं नव्हतं. 2002 च्या सुमारास 20,000 प्लॉट नावाची योजना निघाली. शेतजमिनी भरपाई देऊन घेतल्या, शहराच्या कडेला बुंजू, म्बवेनी, किबाडा, तुआंगोमा, बुयुनी अशा जागी प्लॉट आखले आणि विकून खर्च वसूल केला. प्लॉट ठरलेल्या आकड्यापेक्षा बरेच जास्त निघाले. आतले रस्ते सरळ, चौक नीट. अडचण वेगळीच निघाली. यातल्या काही वसाहती शहरापासून इतक्या लांब होत्या, आणि त्यांना शहराशी जोडणारे रस्ते, पाणी, बस इतक्या उशिरा आले, की घेणाऱ्यांनी प्लॉट घेऊन नुसते ठेवले. वर्षानुवर्षं गवत वाढत राहिलं आणि वस्ती त्यांना ओलांडून पलीकडच्या न आखलेल्या शाम्बांमध्ये गेली.

म्हणजे जोडणीचे दोन स्तर असतात. गल्ली गल्लीला मिळायला हवी, आणि वसाहत शहराला. पहिलं करून दुसरं सोडलं तर पसरट शहर आणखी पसरतं. किगाम्बोनीचं बघा. बंदराच्या चिंचोळ्या तोंडापलीकडे, काठावरून दिसणारा हा भाग फक्त फेरीबोटीवर अवलंबून होता. 2016 मध्ये 680 मीटरचा पूल झाला आणि कित्येक वर्षं पडून असलेल्या तिकडच्या प्लॉटांवर बांधकामं सुरू झाली.

दुसऱ्या स्तराची किंमत उशीर केला की कशी वाढते ते मोरोगोरो रोडने दाखवलं. 2017 मध्ये किमारापासून पुढे रस्ता रुंद करायला निघाले, तेव्हा रस्त्याच्या राखीव हद्दीत शेकडो घरं उभी होती. ती पाडली गेली. हद्द कागदावर जुनीच होती, पण जमिनीवर ती कुणी राखली नव्हती, आणि भुर्दंड पडला तो आयुष्याची कमाई घालून घर बांधलेल्यांना.

सरकार जमीन आधीच का घेऊन ठेवत नाही? कारण 1999 च्या जमीन कायद्यानुसार भरपाई पूर्ण, रास्त आणि तातडीने द्यावी लागते. हे शेतकऱ्याच्या हिताचं आहे आणि तसंच असायला हवं. पण पालिकेच्या तिजोरीत एवढा पैसा एका वेळी नसतो. शिवाय 1979 चा विकास आराखडा वीस वर्षांसाठी होता. तो संपल्यावर पुढचा, 2016 ते 2036 चा, यायला बरीच वर्षं गेली. त्याच वर्षांत शहर दुपटीच्या पुढे गेलं.

यावर इथिओपियाने धरलेली वाट मला जास्त व्यवहार्य वाटते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या मदतीने आदामा, बाहिर दार, हावासा आणि मेकेले या चार शहरांनी पुढच्या काही दशकांची वाढ धरून बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर साधारण किलोमीटर-किलोमीटर अंतराने फक्त मोठ्या रस्त्यांचे पट्टे राखायला घेतले. डांबर नाही, दिवे नाहीत, आतले प्लॉट नाहीत. नुसत्या खुणा आणि कच्चा रस्ता. जमीन थोडीच अडते, भरपाई आवाक्यात राहते, आणि आतली वस्ती कशीही झाली तरी कुणीही बस जाईल अशा रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत राहतो.

दार-ए-सलाममध्ये सध्या जोर आहे तो उरासिमिशाजीवर, म्हणजे झालेल्या वस्त्या नियमित करण्यावर. किमाराच्या बाजूला अनेक ठिकाणी मोजणी झाली आहे. रहिवासी वर्गणी काढतात, खाजगी मोजणीदार येतात, वस्तीची बैठक होते आणि रस्त्याला जागा कोण किती सोडणार ते ठरतं. 20 बाय 20 मीटरच्या प्लॉटने एका बाजूने दोन मीटर दिले तर 40 चौरस मीटर जातात, प्लॉटचा दहावा हिस्सा. समोरच्यानेही तेवढेच दिले तर दोन मीटरच्या बोळाची सहा मीटरची गल्ली होते. कोपऱ्यावरच्याला दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. एखाद्याची स्वयंपाकघराची भिंतच आड येते. जिथे भिंत येते तिथे गल्ली वाकते किंवा चिंचोळी होते, आणि बंद टोक उघडायला कुणाचं तरी अख्खं घर जावं लागेल अशी वेळ आली की नकाशावर ते टोक बंदच राहतं. हातात मालकीचा कागद येतो, त्यावर कर्ज मिळू शकतं, घर पाडलं जाण्याची भीती जाते. हे काही थोडं नाही. कंगवा मात्र बऱ्याच अंशी कंगवाच राहतो.

म्हणून खरी संधी आहे ती त्याच्याही बाहेर, जिथे अजून मका उभा आहे. तिथे रस्त्याला सोडलेल्या जागेचा भाव शहराच्या तुलनेत नगण्य आहे, आणि आड यायला भिंत नाही. पण ती शेतं आता बहुतेक दार-ए-सलामच्या हद्दीत येत नाहीत. ती प्वानी प्रदेशात आहेत: पश्चिमेला किबाहा, दक्षिणेला म्कुरांगा, उत्तरेला बागामोयो. प्रत्येकाचं प्रशासन वेगळं, आराखडा वेगळा, प्राधान्य वेगळं. दोन शाम्बांच्या वाटा जशा कुंपणाशी येऊन थांबतात, तसे दोन जिल्ह्यांचे रस्ते हद्दीशी येऊन थांबण्याचा धोका आहे. मोठ्या रस्त्यांचे पट्टे आखायचे तर या सगळ्यांनी एका नकाशावर बसायला हवं, आणि तेही लवकर, कारण चार मोठ्या रस्त्यांच्या कडेची तिकडची शेतं तुकड्या-तुकड्यांनी विकली जायला सुरुवात झालेली आहे.